पाटी नसलेली जॅम रूम

त्रिमूर्तीनगरच्या अंगाला एका दुमजली घराच्या तळमजल्यावर ही जॅम रूम, म्हणजे बँडच्या तालमीची खोली, तासावर भाड्यानं मिळते. घरावर पाटी नाही. नाव-पत्ता देऊ नका, ही मालकांची अट होती आणि ती पाळली आहे. ती का घातली, ते पुढं येईलच.

आधी निकाल सांगून टाकतो. भिंती आणि दार उत्तम, छत कच्चं, वीज चोख. ड्रम किट चालण्यासारखं, बेसचा अ‍ॅम्प थकलेला. एसी आहे, आणि नागपुरात मे महिन्यात त्याला चैन म्हणता येत नाही. तासाला ३५० रुपये, शनिवार-रविवारी ४५०. पंक, रॉक, मेटल, काहीही वाजवा, मालक नाक मुरडत नाहीत. रजिस्टरमध्ये मात्र तुमचा बँड ‘वेस्टर्न क्लास’ म्हणून लिहिला जातो.

मेटलबद्दल, म्हणजे रॉकच्या सगळ्यात जड आणि कर्कश प्रकाराबद्दल, लोकांना काय वाटतं, हे कळायला नागपुरात मैफिलीपेक्षा तालमीची खोली बरी. मैफिली मुळात कमी, आणि तिथं येतो तो आवडून आलेला. ज्याला हे संगीत नको आहे त्याच्या कानावर ते पडतं ते तालमीत, भिंतीतून, संध्याकाळी सात वाजता, बातम्या लागलेल्या असताना. म्हणून जॅम रूमचं परीक्षण करताना आतल्या अ‍ॅम्पइतकंच बाहेरचं फाटकही तपासावं लागतं. इथं ते चार वेळा, वेगवेगळ्या वेळी तपासलं. सोबत ध्वनिमापक, मल्टीमीटर आणि मोजपट्टी होती.

‘पोट्टे काय धिंगाणा करून राहिले’ हे वाक्य अशा प्रत्येक खोलीच्या आसपास ऐकू येतं. गंमत म्हणजे ते म्हणणारी गल्ली आवाजाला अजिबात बिचकत नाही. वरातीचा डीजे याच गल्लीतून जातो, गणपतीत ढोल-ताशा वाजतो, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी शहरात मारबतीची मिरवणूक निघते तेव्हा कानठळ्या बसतात, आणि कोणी खिडकी लावून घेत नाही. मग चार पोरांच्या गिटारीवर राग का? एक कारण साधं आहे. वरात येते आणि जाते. तालीम आठवड्यातून तीनदा येते, आणि तीही अख्ख्या गाण्याची नाही, तर तीच चार आवर्तनं वीस वेळा. शेजाऱ्याला गाणं कधी ऐकूच येत नाही, गाण्याचा अडलेला तुकडा तेवढा ऐकू येतो. दुसरं कारण ध्वनिशास्त्राचं आहे आणि त्यावर पैसे खर्च करून उपाय होतो. तिसरं काळ्या टी-शर्टचं आणि फाटकाशी लागणाऱ्या बाइकचं. या खोलीनं दुसऱ्यावर बरंच काम केलं आहे, तिसऱ्यावर थोडं. पहिल्यावर कोणाचाच इलाज नाही.

भिंत, दार आणि छत

खोली आतून १८ बाय १२ फूट, उंची ९ फूट. पूर्वी इथं गाडी उभी राहायची. बाहेरची भिंत ९ इंची विटांची, दोन्ही बाजूंनी प्लास्टर केलेली. तिच्यापासून ४ इंच जागा सोडून जीआय चॅनेलचा (जस्त चढवलेल्या पत्र्याच्या पट्ट्यांचा) स्वतंत्र सांगाडा उभा केलाय. हा सांगाडा बाहेरच्या भिंतीला कुठंही टेकत नाही, आणि सगळी मेख यातच आहे. पोकळीत ५० मिमीचं रॉकवूल (दगडाच्या तंतूंची लोकर), घनता ४८ किलो प्रति घनमीटर. त्यावर १२.५ मिमी जिप्सम बोर्डचे दोन थर, सांध्यावर सांधा येऊ न देता लावलेले. कडांना कडक न होणारं सीलंट भरलंय. दारं दोन, एकामागे एक, दोन्ही ३५ मिमीची भरीव, चौकटीला रबराची पट्टी, आणि खाली दार लागताच जमिनीवर बसणारं सील.

हे एवढं तपशिलानं लिहायचं कारण म्हणजे अंड्याचे ट्रे. भिंतीला ट्रे किंवा काळा फोम चिकटवला की खोली साउंडप्रूफ झाली, असं मानणाऱ्या जागा भरपूर आहेत. फोम आतला प्रतिध्वनी कमी करतो, आणि तोही वरच्या सुरांचा. आवाज बाहेर जाणं त्यानं थांबत नाही. आवाज अडवायला वजन लागतं, हवाबंद कडा लागतात आणि दोन थरांमध्ये फारकत लागते. भिंतीचं वजन दुप्पट केलं तर हिशेबानं सुमारे ६ डेसिबल जास्त अडतात, प्रत्यक्षात ५ मिळाले तरी नशीब. ट्रे तर वर पेट घेणारे. पाच माणसं, गरम अ‍ॅम्प आणि एकच दार असलेल्या खोलीत कागदाच्या भिंती कोणी का उभ्या कराव्यात?

भोकाचा हिशेब त्याहून निर्दय आहे. ५० डेसिबल अडवणाऱ्या भिंतीत क्षेत्रफळाच्या फक्त १ टक्का भोक राहिलं, तर ती भिंत २० डेसिबलची होऊन बसते. इथली लांब भिंत १६२ चौरस फुटांची आहे. तिचा १ टक्का म्हणजे साधारण १५ इंची चौकोन, म्हणजे एक्झॉस्ट फॅनचं भोक. नागपुरी तालीमखोल्यांचा घात कुलर करतो तो इथंच. कुलरला खिडकी उघडी लागते. खिडकी उघडली की लाखभर रुपयांची भिंत नुसती शोभेला उरते. शिवाय कुलरची दमट हवा थेट मिक्सर आणि अ‍ॅम्पमध्ये जाते, पॉट (आवाजाची फिरती बटणं) खरखरू लागतात, तारा आठवड्यात गंजतात.

या खोलीत दीड टनाचा स्प्लिट एसी आहे. तो पुरतो, पण पहिल्या तासात नाही. पारा ४४-४५ वर असताना दुपारी ३ चा स्लॉट घेतलात तर अर्धा तास आधी फोन करून एसी सुरू करायला सांगा. स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत आणत नाही. हवाबंद खोलीत पाच जण तासभर जीव तोडून वाजवत असतील तर डोकं जड होतं आणि लय घसरते, मग लोक ड्रमरला दोष देतात. त्यासाठी ६ इंची डक्ट फॅन बसवलाय. हवा प्लायवूडच्या पेटीतून नागमोडी येते, पेटीला आतून रॉकवूल आणि कापड आहे, त्यामुळे हवा आत येते, आवाज वाटेत मरतो. योजना सुरेख आहे, पण फॅनचं बटण खोलीबाहेर आहे, आणि चारपैकी दोन वेळा तो बंदच होता. आठवण करून द्या.

आता छत. इथं काम अर्धवट सुटलंय. जिप्समचा एकच थर, आणि तो कडक हँगरनं थेट स्लॅबला टांगलेला. स्प्रिंग किंवा रबराचे हँगर वापरले असते तर कंपन वाटेत तुटलं असतं. आता ते हँगरच्या सळीतून सरळ वरच्या मजल्यावर जातं, जिथं मालकांचं कुटुंब राहतं. डबल किकवर, म्हणजे पायानं वाजणाऱ्या मोठ्या ड्रमवर दोन्ही पायांनी, मिनिटाला १८० मात्रांच्या गतीनं सोळांश (मात्रेला चार ठोके) वाजवले तर सेकंदाला १२ ठोके पडतात. वर ते ठोके म्हणून पोचत नाहीत, मिक्सर-ग्राइंडर लावल्यासारखी सलग घरघर पोचते. वरची मंडळी घरचीच आहेत म्हणून निभावतं. भाड्याच्या जागेत हे छत महिनाभर टिकलं नसतं.

छत पुन्हा करायचं नसेल तर निदान ड्रमखाली चौथरा हवा: १८ मिमी प्लायचे दोन तक्ते, मध्ये तीस-चाळीस टेनिस बॉल, खालच्या तक्त्यात भोकं पाडून अर्धे बुडवलेले. किकचा जमिनीतून जाणारा धक्का यानं बराच कमी होतो. हवेतून छताला लागणारा आवाज मात्र यानं अडत नाही, एवढं लक्षात ठेवावं. आज ड्रमखाली नुसता गालिचा आहे. तो किट पुढं सरकू देत नाही, बस.

मीटर काय सांगतो, शेजारी काय सांगतात

पूर्ण बँड वाजत असताना खोलीच्या मधोमध १०६ डीबी-ए, म्हणजे ‘ए’ मापनानं डेसिबल. त्याच वेळी फाटकाशी ५४. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डीबी-ए आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. खासगी जागेच्या हद्दीवर त्या मर्यादेच्या वर आणखी ५ डेसिबलपर्यंत मुभा आहे. म्हणजे कागदावर ही खोली निर्दोष.

पण त्याच फाटकाशी मापक ‘सी’ वर, म्हणजे खालचे सूरही धरणाऱ्या मापनावर, लावला तर आकडा ७४ येतो. २० डेसिबलचा हा फरक म्हणजेच शेजाऱ्यांचं म्हणणं. ‘ए’ मापन माणसाच्या कानाची हलक्या आवाजातली सवय धरून केलेलं असतं, त्यामुळे खालचे सूर ते जवळपास मोजतच नाही: ६३ हर्ट्झला २६ डेसिबल वजा, ५० हर्ट्झला ३०. किक आणि बेस नेमके तिथंच राहतात. म्हणून मालक मीटर दाखवतात, शेजारच्या आजी शोकेसमधल्या काचा थरथरतात म्हणतात, आणि दोघंही खरं बोलत असतात. आजींना खोटं पाडायला मीटर पुढं करणं हा या धंद्यातला सगळ्यात वाईट डाव. त्यानंतर तक्रार आवाजाची राहत नाही, अपमानाची होते.

मेटलमध्ये हे खालचे सूर इतके का, याचं उत्तर इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या एका पत्र्याच्या कारखान्यात आहे. ‘ब्लॅक सॅबथ’ या मेटल बँडचा गिटारवादक टोनी आयोमी याच्या दोन बोटांची टोकं तिथं यंत्रात गेली. बोटांना टोप्या घालून तो वाजवू लागला, तारांचा ताण कमी व्हावा म्हणून हलक्या तारा लावल्या, आणि पुढं सूरच खाली उतरवले. ‘ब्लॅक सॅबथ’चा पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७० चा. तेव्हापासून मेटलवाले खालीच उतरत आलेत. गिटारची सगळ्यात जाड तार साधारण ८२ हर्ट्झला असते, ड्रॉप सी मध्ये (सगळ्या तारा उतरवून ही तार ‘सी’ सुरावर आणण्याच्या पद्धतीत) ती ६५ वर येते, आणि बेस त्याच्याही एक सप्तक खाली, ३३ च्या आसपास. ३३ हर्ट्झच्या लहरीची लांबी दहा मीटरच्या वर भरते. तिच्यापुढं जिप्समचा एक थर म्हणजे पडदाच.

त्या पहिल्या अल्बममधलं बँडच्याच नावाचं गाणं ज्या स्वरांतरावर उभं आहे, त्याला युरोपातले जुने संगीतशास्त्री ‘संगीतातला सैतान’ म्हणत. आपल्याकडं ते अंतर म्हणजे सा ते तीव्र मध्यम. याच खोलीत सकाळी ७ ते १० हार्मोनियम-तबल्याचे वर्ग चालतात, तिथं यमन शिकवताना तो तीव्र मध्यम रोज लागतो आणि शेजारी खिडकी उघडून ऐकतात. त्यामुळे ‘या संगीतात सैतान आहे’ हा आक्षेप निदान स्वरांवर तरी टिकत नाही. हार्मोनियमची सगळ्यात मोठी सोय ही की तिला किक ड्रम नसतो.

आतला आवाज

आता वादकांच्या कामाचं. खोलीला स्वतःचे घुमणारे सूर आहेत, आणि ते मापावरून काढता येतात: लांबीचा ३१ हर्ट्झ, रुंदीचा ४७, उंचीचा ६३. बेसच्या ई तारेवर दुसऱ्या फ्रेटचा सूर ४६ हर्ट्झचा, त्यामुळे तो एकच सूर भोपळ्यासारखा फुगतो. ड्रॉप सी मधली मोकळी तार लांबीच्या सुराला जाऊन भिडते. बेसचा कॅबिनेट सध्या कोपऱ्यात ठेवलाय, ही त्याची सगळ्यात वाईट जागा. कोपऱ्यापासून ३ फूट पुढं ओढा, खाली फोमची जाड गादी द्या. घुमणं कमी होईल आणि बाहेर जाणारी धडधडही. मालक हलवू देतात, पण जाताना जागेवर ठेवा.

वरचे सूर उलट फार मेलेत. चारही भिंतींना फोम आहे. कोरडं ऐकू येतं म्हणून गिटारवाले ट्रेबल वाढवतात, मग झांजा ऐकू येत नाहीत म्हणून ड्रमर जोरात मारतो, मग गाणारा ओरडतो, आणि अर्ध्या तासात सगळ्यांचीच बटणं दहावर. एका भिंतीवरचा फोम काढून प्लायच्या पट्ट्या ठोकल्या तर हे भांडण मिटेल.

गिटारसाठी एक ५० वॅटचा व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्यांचा) अ‍ॅम्प चार स्पीकरच्या कॅबिनेटसह, आणि एक १०० वॅटचा सॉलिड स्टेट (ट्रान्झिस्टरचा). ‘पन्नास वॅट कमी नाही का पडणार?’ हा प्रश्न ठरलेला. नाही पडत. ५० आणि १०० वॅटमध्ये फरक फक्त ३ डेसिबलचा. या आकाराच्या खोलीत २० वॅटचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्पही पुरेसा. कॅबिनेट घोट्यांकडं तोंड करून ठेवला की वाजवणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही आणि तो वाढवत जातो. म्हणून कॅबिनेट खुर्चीवर चढवा किंवा मागं झुकवा. मेटलवाल्यांनी गिटारचा ८० ते १०० हर्ट्झखालचा भाग कापावा. तो बेसचा प्रांत आहे, तिथं गिटार घुसली की चिखल होतो, आणि तोच चिखल भिंतीपलीकडं जातो. गेन (गिटारचा आवाज फाडणारं बटण) जितका हवासा वाटतो त्याच्या दोन तृतीयांश ठेवा. गेन चढवला की ठोका दबतो, रिफ (गिटारचा पुन्हा पुन्हा येणारा तुकडा) अस्पष्ट होतो, आणि दोष पुन्हा खोलीला लागतो. पंकवाल्यांचं काम यातून लवकर सुटतं. मधले सूर पुढं, गेन बेताचा, स्नेअर (किटमधला खणखणीत ड्रम) कडक, की झालं. या खोलीत सगळ्यात चांगला आवाज त्यांचाच येतो.

तारांचा एक सेट जवळ ठेवा. खोलीत फक्त ०९ आणि १० चे (आकडा तारेच्या जाडीचा) सेट विकत मिळतात. ०९ च्या तारा ड्रॉप सी मध्ये सैल पडतात, जोरात मारलं की सूर क्षणभर चढतो आणि दोन गिटारी एकमेकींशी भांडतात. त्याला ११-५४ किंवा त्याहून जाड हव्यात, आणि जाड तारा लावल्यावर ब्रिजवर इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही सूर खरा लागणं) पुन्हा जुळवावं लागतं. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत फिंगरबोर्ड आकसतो, फ्रेटची टोकं बाहेर येऊन तळहाताला लागतात. पावसाळ्यात उलट, मान वाकते. खोलीतली भाड्याची गिटार या दोन्ही ऋतूंतून गेलेली आहे आणि तिच्याकडं पाहून ते कळतं. आपली आणा.

ड्रम किट पाच नगांचं, किक २२ इंची. टॉमची कातडी बरी, किकच्या ज्या कातडीवर पेडलचा बीटर आदळतो तिथं खळगा पडलाय, तिथं चकती चिकटवून घ्यावी. हाय-हॅटच्या (पायानं उघडमीट होणाऱ्या झांजजोडीच्या) क्लचचा आटा गेलाय, दोन गाण्यांत वरची झांज घसरते. झांजा स्वस्त पितळी, थाळीसारख्या वाजतात. स्नेअर, झांजा आणि पेडल स्वतःचं नेणं उत्तम. डबल पेडल नेणाऱ्यांनी ड्रम की विसरू नये, जोडदांड्याचा स्क्रू तासाभरात सैल होतोच. बेसचा अ‍ॅम्प ३०० वॅटचा आणि १५ इंची स्पीकरचा आहे, पण स्पीकरचा कोन, म्हणजे त्याचा पडदा, सुटत चाललाय. अर्ध्यावर नेला की फडफडतो. डीआय बॉक्समधून (वाद्य थेट मिक्सरला जोडणाऱ्या डबीतून) बेस मिक्सरवर घेणं हा तात्पुरता मार्ग.

गाण्याची व्यवस्था १२ इंची दोन पॉवर्ड स्पीकर आणि आठ चॅनेलचा मिक्सर. माइक शुअर एसएम ५८, तीन. शिट्टी येते ही सगळ्यांची तक्रार, आणि दहातल्या आठ वेळा चूक हाताची असते. ग्राउल करणारे, म्हणजे घशातून गुरगुरत गाणारे, गायक माइकची जाळी मुठीत धरतात. मूठ बसली की माइक फक्त समोरचं ऐकायचं सोडून चहूकडचं ऐकू लागतो, आणि स्पीकरचा आवाज परत आत शिरून शिट्टी होते. दांड्याला धरा. स्पीकर माइकच्या बरोबर पाठीमागं ठेवा, हा माइक तिथं सगळ्यात बहिरा असतो. राहिलं तर अडीच ते चार किलोहर्ट्झमधली चढलेली पट्टी शोधून थोडी खाली घ्या. आवाज बसेपर्यंत किंचाळणं म्हणजे ग्राउल नव्हे, हेही जाता जाता.

१०६ डेसिबलमध्ये कानांना सुरक्षित वेळ चार मिनिटंसुद्धा नाही. ८५ ला आठ तास धरायचे आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करत जायचं, हा हिशेब आहे. फोमचे इअरप्लग मेडिकल स्टोअरमध्ये मिळतात. खोलीत ते ठेवलेले नाहीत, आणि ही कसूर माफ करण्यासारखी नाही. खुंटीवर पाकिटं टांगून दहा-वीस रुपयांना विकायला काय हरकत आहे?

वीज

इथं मनापासून कौतुक. मिक्सर, अ‍ॅम्प, पेडलबोर्ड या सगळ्यांचे सॉकेट एकाच अर्थिंगवर, एसीची लाइन वेगळी. न्यूट्रल ते अर्थ दीड व्होल्ट आला, माइकची जाळी ते गिटारची तार जवळपास शून्य. ही दुसरी चाचणी कुठल्याही नव्या खोलीत पहिल्यांदा करावी. मल्टीमीटर एसी व्होल्टवर लावून एक काडी जाळीला, दुसरी तारेला. काही व्होल्टच्या वर काटा गेला तर वाजवू नका. ओठांना झणका बसतो तो याचाच, आणि पावसाळ्यात ओल्या चपलांवर तो झणक्यावर थांबत नाही. तारांना हात लावला की गुणगुण कमी होते, तेव्हा गिटारचं शील्डिंग कच्चं असतं, खोलीला बोल लावू नये. स्टॅबिलायझर आहे. इन्व्हर्टर फक्त दिव्याला, त्यामुळे वीज गेली की तालीम थांबते. गेलेला वेळ मालक भरून देतात.

फाटक

रजिस्टर आणि मोबाइलवरच्या निरोपांवरून मालकांनी तक्रारींचा धांडोळा घेऊन ठेवलाय, आणि तो दाखवायला त्यांनी हरकत घेतली नाही. निम्म्याहून जास्त तक्रारींचा आवाजाशी संबंधच नाही. बाइक शेजारच्या फाटकासमोर लावली, ब्रेकमध्ये पोरं रस्त्यावर सिगारेट ओढत उभी होती, रात्री निघताना हसणं-खिदळणं. पण सांगताना प्रत्येक जण सांगतो, ‘तुमचं ते म्युझिक बंद करा’. लांब केस, कवटीचा टी-शर्ट आणि न कळणारं ओरडणं एकत्र आलं की वाकड्या लावलेल्या बाइकचाही गुन्हा संगीताच्या खात्यावर जमा होतो. ही जुनी रीत आहे. १ डिसेंबर १९७६ ला सेक्स पिस्टल्स या पंक बँडनं ब्रिटनच्या टीव्हीवर शिवीगाळ केली आणि गावोगावचे त्यांचे कार्यक्रम रद्द झाले. १९ सप्टेंबर १९८५ ला अमेरिकेच्या सिनेटच्या समितीपुढं गाण्यांच्या शब्दांवरून सुनावणी झाली, मेटल गायक डी स्नायडर आणि रॉक संगीतकार फ्रँक झॅपा यांच्याबरोबर जॉन डेनव्हरसारखा सौम्य गाणाराही बाजू मांडायला आला. १९९० मध्ये जुडास प्रीस्ट या मेटल बँडवर अमेरिकेतल्या रेनोच्या न्यायालयात गाण्यातल्या छुप्या संदेशाचा खटला चालला आणि फेटाळला गेला. आईबापांची भीती तिकडंही हीच होती, की दाराआड पोरगं काय ऐकतं ते कळत नाही.

या खोलीनं त्यावर काढलेला उपाय इथली सगळ्यात हुशार गोष्ट आहे. बाहेरच्या बसायच्या जागेतून आत दिसेल अशी दुहेरी काचेची खिडकी. एक काच ६ मिमीची, दुसरी १० ची, मध्ये ४ इंच अंतर. जाडी मुद्दाम वेगळी, म्हणजे दोन्ही काचा एकाच सुराला थरथरत नाहीत. आई-वडील सोडायला येतात, काचेतून पाहतात. पोरगा घामाघूम होऊन क्लिक ट्रॅकवर (लय दाखवणाऱ्या टकटकीवर) तेच तेच वाजवतोय, चुकला की थांबतोय, पुन्हा सुरू करतोय. ते चित्र गणिताच्या शिकवणीपेक्षा फारसं वेगळं दिसत नाही. मुलींसाठी स्वच्छ, आतून कडी लागणारं स्वच्छतागृह आहे, आणि शेवटचा स्लॉट ९ ला संपतो.

बाकीचे नियम कडक आणि रास्त आहेत. दोन्ही दारं लागल्याशिवाय अ‍ॅम्प सुरू नाही. बाइक आत अंगणात, जास्तीत जास्त सहा. ब्रेक आत किंवा कोपऱ्यावरच्या टपरीवर, फाटकाशी नाही. दहावी-बारावीच्या परीक्षांच्या काळात संध्याकाळी सातनंतर किट बंद, फक्त रबराचे पॅड. डाव्या-उजव्या शेजाऱ्यांकडं मालकांचा मोबाइल नंबर आहे, त्यामुळे ११२ ला फोन जाण्याआधी यांना येतो.

एवढं सगळं नीट केल्यावर ‘वेस्टर्न क्लास’ची लपवाछपवी कशाला? पाटी लावली तर घरमालक संघ काय म्हणेल, ही भीती समजते. पण फसवलं गेल्याची भावना किकपेक्षा खोल जाते. सकाळच्या वर्गाची पाटी लावायला कोणाची ना नसेल. त्याच पाटीवर खाली ‘बँडच्या तालमीसाठी खोली, सकाळी ११ ते रात्री ९’ एवढी ओळ वाढवायला हवी.

नोंदणी व्हॉट्सअ‍ॅपवर, निम्मे पैसे आधी. तालमीला चोवीस तासांहून कमी उरले असताना रद्द केलं तर ते बुडतात. दोन तासांचा स्लॉट घेतला तरी पंधरा मिनिटं मांडामांड आणि दहा मिनिटं आवराआवर धरा, घड्याळ दार उघडल्यापासून चालतं. शनिवारच्या संध्याकाळी मंगळवारपर्यंत भरलेल्या असतात. बुधवारची दुपार जवळपास नेहमी मोकळी. मोबाइलवरचा नकाशा मागच्या गल्लीत नेऊन सोडतो, तेव्हा पानठेल्यावर विचारा. घराला पाटी नसली तरी ‘पोट्टे वाजवतात ते घर’ सगळ्यांना ठाऊक आहे.